एसएसडी निवडताना आधी मदरबोर्ड बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क असलेला डेस्कटॉप आहे. विंडोज १० सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात आणि ब्राउझर उघडला की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते. ओळखीच्या कुणीतरी ‘जेन ४ एनव्हीएमई टाक, सात हजारांचा स्पीड मिळतो’ असं सांगितलंय. (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिप्सची डिस्क, एनव्हीएमई म्हणजे पीसीआयई या वेगवान मार्गाने जोडली जाणारी एसएसडी, आणि जेन ४ ही त्या मार्गाची चौथी पिढी.) आता कोणती घेऊ, स्वतः बसवता येईल का आणि आतलं सगळं जसंच्या तसं राहील का, असं तुम्ही विचारताय.

यातला पहिला प्रश्न तुम्ही सगळ्यात सविस्तर विचारलाय, पण सुटायला तोच सोपा आहे. तुमच्या मशिनपुरती बरीचशी निवड मदरबोर्डाने आधीच करून ठेवली आहे. बसवण्याचं कामही स्क्रू-ड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही जमेल. लोक अडकतात ते डेटा आणि विंडोज हलवताना. माझ्याकडे ‘एसएसडी चालत नाही’ म्हणून येणाऱ्या मशिन्समध्ये एसएसडी बहुतेक वेळा धडधाकट असते. विंडोज हलवताना कुठेतरी गोंधळ झालेला असतो. म्हणून खाली त्या भागावर जास्त लिहिलंय.

खरेदीच्या आधी एक तपासणी करा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकण्याची दोन कारणं असू शकतात. एक, डिस्क ठणठणीत आहे पण मुळातच मंद आहे. दोन, ती मरणपंथाला लागली आहे. बाहेरून दोन्हींची लक्षणं सारखीच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) व ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडणाऱ्या जागा) या दोन ओळी पाहा. उजवीकडच्या रकान्यात नुसते शून्य असतील तर निवांत पुढे जा. पेंडिंगमध्ये काही आकडा दिसला तर एसएसडीचा विषय तात्पुरता बाजूला ठेवून आधी फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. अशा डिस्कचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी प्रत, करायला घेतला की तो मध्येच लटकतो, आणि तासन्‌तास वाचत राहण्याच्या ताणाने उरलीसुरली डिस्कही जाऊ शकते.

आता त्या सात हजारांबद्दल. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा घ्यायला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर जायला साधारण ८-९ मिलिसेकंद. म्हणजे डिस्कवर विखुरलेला प्रत्येक छोटा तुकडा उचलायला १२-१३ मिलिसेकंद, आणि सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात, त्यातच अँटिव्हायरस आणि अपडेटही आपापली मागणी करत असतात. तुमची चार-पाच मिनिटं तिथे जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला त्याच तुकड्याला ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागतो.

खोक्यावरचा ७००० एमबी प्रति सेकंद हा आकडा मात्र एखादी मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. चार-चार केबीचे तुकडे एकामागून एक वाचायला लावले तर हार्ड डिस्क सेकंदाला १ एमबीसुद्धा देत नाही, साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखी साटा केबलने जोडली जाणारी) ३०-४० एमबी देते आणि चांगली एनव्हीएमई ५० ते ८० एमबीच्या आसपास. रोजच्या कामात मशिन चपळ वाटतं की नाही हे याच आकड्यांवर ठरतं. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर गेलात तर मशिन बदलल्यासारखं वाटेल. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर फरक काही सेकंदांचा, आणि तो बरेचदा घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. तुम्ही मोठे व्हिडिओ एडिट करत असाल किंवा दोन वेगवान ड्राइव्हमध्ये शेकडो जीबीची ने-आण करत असाल तर गोष्ट वेगळी. तुमच्या वर्णनात तसं काही दिसलं नाही.

मग तुमच्या बोर्डावर काय बसतं ते पाहू. स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि दोन गोष्टी लिहून ठेवा: बेसबोर्ड प्रॉडक्टपुढचं नाव, आणि बायोस मोडपुढे यूईएफआय लिहिलंय की लेगसी (बायोस म्हणजे मशिन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम; यूईएफआय ही त्याची नवी पद्धत, लेगसी जुनी). दुसरी गोष्ट विंडोज हलवताना लागेल. बोर्डाच्या नावावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मॅन्युअल मिळतं. त्यातलं स्टोरेजचं पान वाचा, कॅबिनेट उघडून डोकावण्यापेक्षा ते जास्त भरवशाचं.

सहाव्या पिढीच्या काळात एच११० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची जोडण्या सांभाळणारी चिप) बोर्ड फार खपले. त्यातल्या पुष्कळ बोर्डांवर एम.२ स्लॉटच, म्हणजे एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागाच, नाही. ज्यांच्यावर आहे त्यांचा स्लॉट चिपसेटकडून येत असेल तर त्याला पीसीआयई २.० च्याच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, कारण एच११० कडे त्यापुढच्या लेन नाहीत. चार लेन मिळाल्या तरी वरची मर्यादा सेकंदाला २ जीबीच्या आत, आणि काही बोर्डांवर दोनच लेन जोडलेल्या असतात. बी१५० किंवा झेड१७० असेल तर पीसीआयई ३.० मिळू शकतं, म्हणजे साधारण ३५०० एमबीपर्यंत. या पिढीत जेन ४ कुठेच नाही. जेन ४ ची ड्राइव्ह लावली तर चालेल, बिघडणार काही नाही, फक्त ती स्लॉटच्या वेगाने पळेल. बाजारात जेन ३ आणि जेन ४ एकाच किमतीला मिळत असतील तर खुशाल जेन ४ घ्या, उद्या नव्या मशिनमध्ये कामाला येईल. त्यासाठी जास्त पैसे मात्र मोजू नका.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, हे लक्षात ठेवा. त्याच आकाराची ड्राइव्ह आतून साटा असू शकते किंवा एनव्हीएमई, आणि स्लॉटही फक्त साटा, फक्त पीसीआयई किंवा दोन्ही चालवणारा असू शकतो. ड्राइव्ह स्लॉटमध्ये नीट बसली, स्क्रूही लागला, पण बायोसमध्ये दिसतच नाही, असं झालं तर बहुतेक वेळा ही जोडी चुकलेली असते. खाचा बघून अंदाज येतो, खात्री होत नाही; मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच पानावर आणखी एक टीप शोधा: एम.२ वापरला की अमुक क्रमांकाचं साटा पोर्ट बंद होतं, अशी. तुमची डीव्हीडी ड्राइव्ह किंवा जुनी डिस्क त्याच पोर्टात असेल तर नवी ड्राइव्ह लावल्याबरोबर ती गायब होईल आणि तुम्हाला वाटेल काहीतरी जळलं.

एम.२ स्लॉट नसेल तर जिवाला लावून घेऊ नका. २.५ इंची साटा एसएसडी घ्या. ती ५५० एमबीच्या आसपास वाचते आणि तुमचं दुखणं तेवढ्याने बरं होतं. पीसीआयई कार्डावर एम.२ बसवायचीही सोय असते, पण त्यावरून विंडोज सुरू होईल की नाही हे बायोसवर अवलंबून आहे, आणि एवढा खटाटोप करण्याइतका फायदा तुम्हाला होणार नाही.

ड्राइव्हच्या आत काय बघायचं? क्षमता आधी. सध्याच्या सी ड्राइव्हवर किती जागा व्यापली आहे ते पाहा आणि त्याच्या दुपटीच्या आसपास घ्या. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते, म्हणून १०-१५ टक्के जागा कायम मोकळी राहील असा हिशेब धरा. १ टीबी लिहिलेल्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवेल. त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

नंतर फ्लॅशचा, म्हणजे आतल्या मेमरी चिप्सचा, प्रकार. टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) असेल तर उत्तम. क्यूएलसी (चार बिट साठवणारी) स्वस्त पडते. तिच्यातला काही भाग वेगवान कॅशसारखा वापरला जातो, त्यामुळे रोजच्या वापरात ती चांगलीच वाटते. पण एका दमात मोठा डेटा लिहायला घेतला आणि कॅश भरली की काही क्यूएलसी ड्राइव्ह तुमच्या जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली जातात. सिस्टिम ड्राइव्ह म्हणून मी टीएलसीच सुचवतो. डीरॅम कॅशचं, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या छोट्या रॅमचं, म्हणाल तर एनव्हीएमईमध्ये ती नसली तरी भागतं, कारण एचएमबी नावाच्या सोयीने ड्राइव्ह तुमच्या रॅममधला थोडासा भाग उसना घेते. साटामध्ये ती सोय नाही, म्हणून साटा घेताना डीरॅम असलेली मिळाली तर तिला झुकतं माप द्या.

टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यात किती टेराबाइट लिहिता येईल याची कंपनीची हमी, याचा लोक फार धसका घेतात. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला साधारण ६०० असते. रोज ३० जीबी लिहिलेत, आणि घरगुती वापरात एवढं क्वचितच लिहिलं जातं, तर ते पुरे व्हायला जवळपास ५५ वर्षं लागतील. वॉरंटी पाच वर्षांची आहे का तीन, हा आकडा बघा. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते त्यातून जास्त कळतं. आणि नाव न ऐकलेल्या कंपनीची अविश्वसनीय स्वस्त २ टीबी किंवा ४ टीबीची ड्राइव्ह घेऊ नका. तिच्या आत बरेचदा छोटं मेमरी कार्ड असतं आणि खोटी क्षमता दाखवलेली असते. संशय आला तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून पाहतं.

एवढं झालं की खरेदीपुरता विषय संपला: एम.२ ला पीसीआयई असेल तर साधी टीएलसी एनव्हीएमई, नसेल तर २.५ इंची साटा टीएलसी, आणि क्षमता वापराच्या दुप्पट.

आता बसवणं. मशिन शट डाउन करा, मागचं एसएमपीएसचं (वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बटण बंद करा, पॉवर कॉर्ड काढा आणि मग पुढचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावून मगच ड्राइव्ह पाकिटातून काढा. गालिचावर बसून हे काम करू नका.

साटा एसएसडीला दोन केबल लागतात. डेटा केबल मदरबोर्डाला, पॉवर केबल एसएमपीएसला. एसएसडीच्या खोक्यात डेटा केबल बहुतेक वेळा नसते, ती आधीच आणून ठेवा. दोन्ही कनेक्टर एल आकाराचे असतात आणि एकाच बाजूने जातात. जोर लावला तर ड्राइव्हच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी मोडते आणि ती दुरुस्त होत नाही. एसएमपीएसला साटाची जागा शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनी कनेक्टरवरून साटा करणारं कन्व्हर्टर मिळतं, पण त्यातलं अखंड ओतीव प्लास्टिकचं डोकं असलेलं घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून जळल्याची उदाहरणं आहेत. एसएमपीएस सुट्ट्या केबलींचा असेल तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल बसते, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि एका क्षणात ड्राइव्ह जाऊ शकते. कॅबिनेटमध्ये २.५ इंची जागा नसली तर ब्रॅकेट घ्या, किंवा दुहेरी टेपने पत्र्यावर चिकटवा. फिरणारा भाग नसल्यामुळे ती आडवी, उभी, उलटी, कशीही चालते.

एम.२ ला केबल लागत नाही. ड्राइव्हवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. बोर्डावर ८० च्या भोकात उंचवटा देणारा बारीक नट आहे ना ते बघा, नसेल तर तो तिथे हलवा. नटाशिवाय ड्राइव्ह स्क्रूने थेट बोर्डावर आवळली तर ती वाकते. साधारण ३० अंशांत तिरकी सरकवा, पूर्ण आत गेली की दुसरं टोक हाताने खाली दाबून स्क्रू लावा. हा स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात आलेला असतो, आणि इतक्या वर्षांनी तो सापडत नाही. एम२ मापाचा एखादा मिळवून ठेवा. हीटसिंक लावणार असाल तर थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढा. ड्राइव्हवरचं लेबल मात्र काढू नका, वॉरंटी जाते.

आता विंडोजचा प्रश्न. क्लोन करायचं की नव्याने टाकायचं, हे खरोखर तुमच्या परिस्थितीवर आहे. पुन्हा इन्स्टॉल करता येणार नाही असं एखादं सॉफ्टवेअर असेल, लायसन्सची सीडी हरवली असेल, सगळी मांडणी जपायची असेल, तर क्लोन. तसं काही नसेल आणि विंडोज वर्षानुवर्षं तेच चालत आलं असेल, तर नव्याने टाका. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा. क्लोन केलं की जुना कचराही सोबत येतो.

विंडोजचं लायसन्स जाईल ही भीती नको. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स प्रामुख्याने मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. इन्स्टॉल करताना ‘की नाही’ हा पर्याय निवडा, आधी होती तीच एडिशन टाका, इंटरनेट मिळालं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होईल. पण विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं. तेव्हा हे मशिन पुढे इंटरनेटवर वापरायचं असेल तर वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायचे की लिनक्सकडे वळायचं, हेही याच बैठकीत ठरवा. नवी कोरी ड्राइव्ह हातात असताना हा निर्णय घेणं सगळ्यात सोपं.

नव्याने टाकणार असाल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या टूलने तयार करा आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण सोडून देतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर विंडोज एसएसडीवर जातं, पण बूटचं छोटं पार्टिशन बरेचदा जुन्या डिस्कवरच राहतं. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की मशिन सुरूच होत नाही. केबल काढलेली असली की चुकून जुनी डिस्क फॉरमॅट व्हायचीही शक्यता उरत नाही.

क्लोन करणार असाल तर तीन अडचणी आधीच माहीत असू द्या. पहिली, बायोस मोड लेगसी असेल तर एनव्हीएमईवर केलेला क्लोन सहसा बूट होत नाही, कारण तिथे यूईएफआय आणि जीपीटी (डिस्कचे भाग आखण्याची नवी पद्धत) लागतं. विंडोज १० मध्येच जुन्या आखणीची डिस्क जीपीटी करणारं एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे. बॅकअप घेऊन आधी ते चालवा, मग बायोसमध्ये यूईएफआय करा. साटा एसएसडीला ही अडचण नाही, लेगसी क्लोन तिथे तसाच चालतो. दुसरी, १ टीबीवरून ५०० जीबीवर क्लोन करताना क्लोनझिलासारखी टूल्स तक्रार करतात, कारण त्यांना समोरची डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. आधी पार्टिशन लहान करून घ्या, किंवा एसएसडीच्या कंपनीचं टूल वापरा, त्यातली बरीचशी हे आपोआप करतात. तिसरी, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. क्लोन झाला की पहिल्यांदा फक्त एसएसडी जोडून सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्यामुळे विंडोज कधी एकीला ऑफलाइन करतं, कधी जुन्यावरूनच सुरू होतं, आणि तुम्ही ‘एसएसडी टाकूनही स्पीड वाढला नाही’ म्हणत बसता.

साटा मोड (साटा ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत) बायोसमध्ये एएचसीआय आहे का ते इन्स्टॉल करण्याआधीच बघा. विंडोज टाकून झाल्यावर तो बदलला तर निळा पडदा येतो. आणि दुसरी ड्राइव्ह म्हणून लावलेली नवी एसएसडी ‘धिस पीसी’मध्ये दिसली नाही तर ती खराब समजू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा, जीपीटी निवडून इनिशियलाइझ करा, नवं व्हॉल्यूम बनवा.

पुढची देखभाल फारशी नाही. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये तिच्यापुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं दिसलं की ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी आहे हे ड्राइव्हला कळवणं) विंडोज स्वतः करतं. वेगळं डीफ्रॅग सॉफ्टवेअर असेल तर ते काढून टाका. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करा, इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी करणं) बंद करा, असे सल्ले अजून फिरतात, ते ऐकू नका. तुमच्याकडे रॅम ८ जीबीच आहे, पेजफाइल बंद केलीत तर ब्राउझर धडाधड बंद पडेल.

जुनी हार्ड डिस्क निदान दोन-तीन आठवडे तशीच ठेवा. काय राहिलं ते तेवढ्यात आठवतं: ब्राउझरमधले पासवर्ड, डेस्कटॉपवरच्या फाइली, मेलची जुनी फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर जे सी ड्राइव्हमध्ये कुठेतरी खोल असतं. मग ती फॉरमॅट करून बॅकअपला वापरा, अर्थात तपासणीत शून्य आले असतील तरच. बॅकअप आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा आहे. हार्ड डिस्क जाताना बरेचदा खडखडते, मंदावते, काही दिवस देते. एसएसडी अनेकदा एका सकाळी बायोसमध्येच दिसेनाशी होते. आणि ट्रिममुळे तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते.

एसएसडी लागल्यावरही ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब उघडले की मशिन अडखळत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना बघा. तो ८५-९० टक्क्यांवर असेल तर पुढचा खर्च रॅमवर करा. तुमच्या पिढीच्या काही बोर्डांना डीडीआर३ लागते आणि काहींना डीडीआर४, तेव्हा त्यासाठीही तेच मॅन्युअल उघडा.